पारव्यांची दोन पिले आणि नाताळची भेट

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही काही जण गोठ्याचे सामान पेटीतून काढत होतो. मदतीला आलेल्या एक भगिनी ताऱ्याच्या काड्यांना कागद चिकटवता चिकटवता म्हणाल्या, "ताई, यंदा नाताळला माहेरी जायचं नाही असं ठरवलंय." कारण विचारले तर आधी टाळाटाळ केली, मग बोलत्या झाल्या. मोठा भाऊ आखातात असतो. नाताळला घरी येतो तेव्हा सगळ्यांना काही ना काही आणतो. मागच्या खेपेला त्याने यांच्या यजमानांना मनगटी घड्याळ दिले, यांना साडी आणि अत्तर दिले. "आणि आम्ही त्यांना काय दिलं? केकचा डबा. वहिनी काही बोलल्या नाहीत हो, पण मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहान मुलांचं बरं असतं. शंभर रुपयांची गाडी दिली तरी नाचतात. मोठ्या माणसांना काय द्यायचं?"

मी तेव्हा काही उत्तर देऊ शकले नाही. एक बहीण भावाच्या घरी जायला लाजते, आणि तेही त्याने प्रेमाने भेट दिली म्हणून! प्रश्न मनात राहिला. मग थोडे वाचन केले, आधी वाचलेले पुन्हा चाळले, आणि लक्षात आले की हा प्रश्न फार जुना आहे. ख्रिस्तसभेतील मोठमोठ्या संतांनाही त्याला तोंड द्यावे लागले आहे. ते आज तुमच्यापुढे मांडते.

मंदिरात नेलेली भेट

सुरुवात बेथलेहेमच्या बाळापासूनच करू या. नाताळच्या भेटी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक येतात आणि त्यांचे सोने, ऊद व गंधरस येतो. गोठ्यात आपण त्यांचे पुतळे ठेवतो. पण त्याच बाळासाठी आणखी एक भेट नेली गेली होती. ती त्याच्या आईवडिलांनी नेली होती, आणि तिची आठवण आपण फारशी काढत नाही.

मोशेच्या नियमाप्रमाणे मुलगा झाल्यावर चाळीस दिवस पूर्ण झाले की आईने मंदिरात अर्पण न्यायचे असे. लेवीयच्या बाराव्या अध्यायात हा नियम आहे. एक वर्षाचे कोकरू आणि त्यासोबत एक पारवा किंवा होला. पण त्याच अध्यायाच्या शेवटी आणखी एक वाक्य आहे: कोकरू आणण्याची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्यांची दोन पिले आणावीत. संत लूक दुसऱ्या अध्यायात मरिया आणि योसेफ यांच्या अर्पणाविषयी सांगतात तेव्हा कोकराचा उल्लेखच नाही. तिथे फक्त पाखरे आहेत. म्हणजे आपल्या तारणाऱ्याचे आईवडील गरिबांसाठी ठेवलेल्या सवलतीतून मंदिरात गेले.

या नियमाकडे जरा थांबून पाहा. ही सवलत नंतर कोणी दया येऊन दिलेली नव्हती. देवाच्या नियमातच ती लिहिलेली होती. लेवीयच्या पाचव्या अध्यायात तर आणखी खालची पायरीही आहे: ज्याला दोन पाखरेही परवडत नाहीत त्याने थोडे सपीठ आणावे. आणि कोकरू नेणाऱ्याचे अर्पण मोठे व सपीठ नेणाऱ्याचे लहान, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. ज्याचा जेवढा हात, तेवढे त्याचे अर्पण. आणि दोन्ही पूर्ण.

पण या नियमाला दुसरी बाजूही आहे. मलाखी संदेष्टा लोकांना खडसावतो, कारण ते देवाला आंधळी, लंगडी, आजारी जनावरे अर्पण करू लागले होते. अशी जनावरे तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या, तो प्रसन्न होतो का पाहा, असे तो विचारतो. म्हणजे देवाला स्वस्त भेट चालते, पण टाकाऊ चालत नाही. पारव्याचे पिलू स्वस्त होते, पण ते धडधाकट होते आणि त्याच्यासाठी पदरचे पैसे मोजलेले होते. आंधळे कोकरू किमतीने मोठे दिसले तरी देणाऱ्याच्या दृष्टीने ते नकोसे झालेलेच होते. हा फरक लक्षात ठेवू या, पुढे लागणार आहे.

रोमची बाजारपेठ आणि दोन बिशप

त्या काळच्या रोममध्ये डिसेंबरच्या १७ तारखेपासून सॅटर्नेलिया नावाचा सण सुरू होई. त्यात मोठी माणसे एकमेकांना भेटी देत, आणि मूळ भेटी अगदी साध्या होत्या: मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या बाहुल्या. मार्शल नावाच्या एका कवीने पहिल्या शतकाच्या शेवटाकडे अशा भेटींसोबत पाठवायच्या दोन-दोन ओळींची दोन छोटी पुस्तके केली. त्यातल्या वस्तूंची यादी वाचली की मौज वाटते: अक्रोड-बदामासारखी सुकी फळे, कंगवा, दात कोरायची काडी, लिहायच्या मेणाच्या पाट्या. श्रीमंताने द्यायच्या आणि गरिबाने द्यायच्या वस्तू दुसऱ्या पुस्तकात आलटून पालटून येतात. तो स्वतः कफल्लक होता. त्यामुळे ज्याच्याकडे माझ्यासारखेच पैसे नाहीत त्याने वस्तूऐवजी या ओळीच पाठवल्या तरी चालेल, असेही त्याने सुचवले आहे.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी रोमन लोक खजूर, सुके अंजीर आणि मध देत. वर्ष गोड जावे हा हेतू. त्यासोबत एखादे नाणे असे. पुढे नाणेच महत्त्वाचे झाले. इतिहासकार स्वेटोनियस याने लिहून ठेवले आहे की सम्राट तिबेरियस आलेल्या भेटीच्या चौपट परत देत असे, पण महिनाभर लोक येतच राहतात म्हणून तो वैतागला आणि ती प्रथा त्याने सोडली. त्याच्या मागून आलेला कॅलिगुला तर आपण नववर्षाच्या भेटी स्वीकारणार असे जाहीर करून राजवाड्याच्या दारात उभा राही आणि लोकांनी आणलेली नाणी गोळा करी. खजूर आणि मधापासून निघालेली गोष्ट कुठे येऊन पोहोचली!

नेमक्या याच ठिकाणी ख्रिस्तसभेने तोंड उघडले. इ. स. ४०० च्या १ जानेवारीला, आजच्या तुर्कस्तानातील अमासिया या नगराचे बिशप अस्तेरियस यांनी या भेटींविरुद्ध एक कडक प्रवचन दिले. त्यांचा मुद्दा असा होता की हिला मैत्रीची भेट म्हणता येत नाही, कारण ती परतफेडीची वाट पाहते. हिला दान म्हणता येत नाही, कारण गरिबाच्या हाती काही पडत नाही. लहान माणूस आपल्यापेक्षा मोठ्याला देतो, तो आणखी मोठ्याला देतो, आणि सगळा पैसा वरच्यांच्या घरात जमा होतो. सणाच्या दिवशी लोक कर्ज काढतात आणि घरी उदास होऊन बसतात.

जवळपास त्याच काळात उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन हेही आपल्या लोकांना १ जानेवारीला सांगत होते की ते लोक नववर्षाच्या भेटी देत असतील, तुम्ही गरिबांना दान द्या.

या दोघांचा राग भेट देण्यावर नव्हता. प्रेमाच्या वस्तूचा हिशेब झाला, याचे त्यांना दुःख होते. सोळाशे वर्षांपूर्वीचे ते प्रवचन वाचताना मला त्या भगिनीचे शब्द आठवले. आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते. कोणी किती पाकीट दिले ते लिहायचे, म्हणजे त्यांच्या घरच्या कार्याला तेवढेच देता येते. वही ठेवण्यात व्यवहार आहे, मी नावे ठेवत नाही. पण नाताळलाही मनातल्या मनात तीच वही उघडली गेली, तर भाऊ-बहीण एकमेकांचे देणेकरी होऊन बसतात.

रात्रीच्या अंधारात

या हिशेबातून सुटण्याची एक वाट संत निकोलस यांनी दाखवली. चौथ्या शतकात ते मायरा नगराचे बिशप होते. आज सांताक्लॉज म्हणून जो लाल झगा आपल्या शाळाशाळांत फिरतो, त्याचे मूळ हेच संत. त्यांचा सण ६ डिसेंबरला येतो. त्यांच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध कथा लहान मुलांची नाही. लग्नाच्या वयाच्या तीन मुलींची आणि त्यांच्या कंगाल झालेल्या बापाची आहे. हुंड्याला पैसे नाहीत, मुली वाईट मार्गाला लागण्याची वेळ आलेली. निकोलस यांनी रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी बाप जागत बसला, मागे धावला आणि त्याने त्यांना ओळखले. तेव्हा ही गोष्ट कोणाला सांगू नकोस, असे निकोलस यांनी त्याला विनवले.

या कथेत सोने आहे, ते आपल्याला परवडणारे नाही. पण अंधार आपल्याला परवडतो. दिवसाढवळ्या दिले असते तर तो बाप आयुष्यभर मान खाली घालून चालला असता. देणारा कोण हे कळले नाही तर परतफेडीचा प्रश्नच उरत नाही.

हातमोजे ठेवले, सोने परत केले

दुसरी वाट घेणाऱ्याची आहे, आणि ती संत थॉमस मोर यांनी दाखवली. १५२९ ते १५३२ या काळात ते इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायखात्याचे सर्वोच्च अधिकारी होते. पुढे राजापेक्षा विवेकाला मानल्याबद्दल १५३५ मध्ये त्यांना देहदंड झाला आणि १९३५ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. त्या काळी इंग्लंडात भेटी द्यायचा दिवस नाताळपेक्षा नववर्षाचा असे. त्यांचे जावई विल्यम रोपर यांनी लिहिलेल्या चरित्रात एक प्रसंग आहे. क्रोकर नावाच्या एका बाईंच्या बाजूने थॉमस मोर यांनी एक निकाल दिला होता. नववर्षाला त्या बाई हातमोज्यांचा जोड घेऊन आल्या. आत ४० पौंडांची सोन्याची नाणी भरली होती.

मोर यांनी नाणी बाहेर काढून परत केली आणि हातमोजे ठेवून घेतले. एका सभ्य स्त्रीने आणलेली नववर्षाची भेट नाकारणे हे चालीरीतीला धरून होणार नाही, असे ते म्हणाले.

यातली समज केवढी आहे पाहा. त्यांनी सगळेच परत केले असते तर प्रामाणिकपणा राहिला असता, पण त्या बाईंचा अपमान झाला असता. सगळेच ठेवले असते तर ती लाच ठरली असती. साधे हातमोजे तेवढे घेतले, त्यामुळे न्यायाधीशाची अब्रूही राहिली आणि देणाऱ्या बाईंचीही. भेट लहान असली की घेणारा मोकळा राहतो. मोठ्या भेटीला हे साधत नाही.

जिन्यातली संत तेरेजा

आता लिझ्यू गावच्या छोट्या तेरेजाकडे येऊ. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी गुलाबाची फुले घेतलेली तिची तसबीर आहे. १८८६ च्या नाताळची गोष्ट. ती चौदा वर्षांची व्हायला आठवडाभर उरला होता. आई लहानपणीच वारलेली, ती घरात सर्वांत धाकटी आणि फार हळवी. फ्रान्सच्या रीतीप्रमाणे लहान मुले चुलाण्याशी बूट ठेवत आणि मोठी माणसे त्यात खाऊ-खेळणी भरत. तेरेजा मोठी झाली तरी घरात ही रीत चालूच होती.

त्या रात्री मध्यरात्रीच्या मिस्साहून सगळे परतले. वडील लुई मार्टिन थकलेले होते. बूट पाहून ते त्रासिकपणे बोलून गेले की बरे झाले, हे आता शेवटचे वर्ष. तेरेजा जिना चढत होती, तिच्या कानावर ते पडले. डोळे भरून आले. बहीण सेलीन म्हणाली की आत्ता खाली जाऊ नकोस, तुला रडू आवरणार नाही. पण तेरेजाने डोळे पुसले, जिना उतरली आणि बुटातली एक एक वस्तू अशा आनंदाने काढली की वडीलही हसू लागले. आपल्या आत्मकथेत तिने त्या रात्रीला आपले परिवर्तन म्हटले आहे. त्या एका क्षणात आपले बालपण संपले आणि दुसऱ्यासाठी स्वतःला विसरण्याची कृपा मिळाली, असे तिला वाटले.

त्या रात्री बूट तेरेजाचे भरले होते. पण खरी भेट मिळाली ती थकलेल्या बापाला, आणि तिला एक पैसाही लागला नाही. मोठ्या माणसांना काय द्यायचे, या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे. लहान मुलाचा नाताळ आपल्याला काय मिळाले यावर ठरतो. समोरचा थकला आहे हे ज्याच्या लक्षात येते, तो मोठा झाला.

बाजार मोठा होतो

आज दिसतो तो भेटींचा बाजार बराच अलीकडचा आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थांनी पहिले नाताळचे छापील भेटकार्ड काढले. तीन वर्षांपूर्वीच एका पेनीत पत्र पाठवायची सोय झाली होती, आणि शुभेच्छांची पत्रे हाताने लिहायला कोल यांना सवड नव्हती. चित्रकार जॉन हॉर्सली यांनी चित्र काढले: मध्ये एक कुटुंब जेवायला बसलेले, आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न व वस्त्र देणारी माणसे. एका कार्डाची किंमत एक शिलिंग होती, मजुराला न परवडणारी. पुढे छपाई स्वस्त झाली, १८७० मध्ये टपालही अर्ध्या पेनीवर आले आणि कार्डे घरोघर पोहोचली. लांब राहणाऱ्या मोठ्या माणसाला वस्तू न पाठवता आठवण पाठवायची सोय त्यामुळे झाली.

पण त्याच शतकाच्या अखेरीस मोठ्या दुकानांनी नाताळ आपल्या हातात घेतला. अमेरिकेत तर दुकानांत काम करणाऱ्या मुलींना तुटपुंज्या पगारातून साहेबांच्या भेटीसाठी वर्गणी द्यावी लागे. म्हणून १९१२ मध्ये न्यूयॉर्कला एलिनॉर बेलमाँट आणि ॲन मॉर्गन या दोन स्त्रियांनी एक संस्था काढली. तिच्या नावाचा अर्थच मुळी 'निरुपयोगी भेटी देण्यास प्रतिबंध करणारी मंडळी' असा होता. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हेही तिचे सदस्य झाले. अस्तेरियस यांनी अमासियात सांगितलेलीच गोष्ट पंधराशे वर्षांनी न्यूयॉर्कच्या कामगार मुली सांगत होत्या: भेट वरच्या दिशेने वाहू लागली की ती खालच्याला पिळते.

आपल्या दारातली रीत

आता आपल्याकडे पाहू. आपल्या बेळगाव-खानापूर भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांचे नातेगोते गोव्यात आहे. गोव्यात नाताळला शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांकडे गोडाचे ताट पाठवायची रीत आहे. तिला कोंसुआद म्हणतात. शब्द पोर्तुगीज आहे, आणि त्याच्या मुळाशी सांत्वन करणे हा अर्थ आहे. ताटात नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, दोस, बोलिन्हा असे घरी केलेले पदार्थ असतात. वर विणलेला रुमाल झाकतात. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल, तिथे गोडधोड करत नाहीत. अशा घरी शेजारी आवर्जून ताट पाठवतात. त्या दिवशी त्या शब्दातले सांत्वन खरे होते.

या ताटाची किंमत कोणी विचारत नाही. एका घरच्या नेवऱ्या दुसऱ्या घरी, दुसऱ्या घरचे कुलकुल पहिल्या घरी. हिशेब मांडला तर शून्य. तरी संध्याकाळपर्यंत सगळी आळी एकमेकांच्या हातचे खाल्लेली असते. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडेही हेच शहाणपण आहे. दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून देतात आणि घेणारा ते सोन्याच्याच मानाने घेतो. संक्रांतीला तिळगुळाचे चार दाणे तळहातावर ठेवतात, वर्षभराची कटुता विसरायला. 'फूल नाही, फुलाची पाकळी' असे आपण म्हणतो. ही पाकळी द्यायची लाज आपल्या आजी-आजोबांना कधी वाटली नाही. ती लाज आपण नंतर बाजारातून विकत आणली.

मग द्यायचे काय?

एवढा इतिहास वाचून मला तीन गोष्टी उमगल्या. भेट आपल्या ऐपतीतली असावी, कर्जातली नसावी. घेणाऱ्याला तिचे ओझे वाटू नये. आणि ती आंधळे कोकरू नसावी. कपाटात पडलेला, कोणीतरी दिलेला चहाच्या कपांचा डबा कागद बदलून पुढे ढकलला की ती भेट होत नाही. या तिन्हींत बसतील अशा काही गोष्टी सुचवते. यातल्या काही आम्ही घरी करून पाहिल्या आहेत.

आईवडिलांसाठी: ट्रंकेतला एखादा जुना फोटो स्टुडिओत नेऊन त्याची प्रत काढा. मागे सगळ्यांची नावे आणि साल लिहा. नावे आठवत नसतील तर त्यांनाच विचारा. त्या विचारण्यातच अर्धी भेट देऊन होते.

भावंडांसाठी: चाळीस पानी वहीत आईच्या हातचे पदार्थ तिच्याच शब्दांत उतरवून काढा. 'अंदाजाने' आणि 'मूठभर' हे शब्दही तसेच ठेवा.

परगावी किंवा परदेशी असणाऱ्यांसाठी: त्यांच्याकडे पैसा आहे, पण घरचा मसाला, कोकम, लोणचे नाही. एक बरणी पुरे. ज्याला दुकानातले सगळे मिळते त्याला घरातले द्यावे.

सासूसासरे, आत्या, मावशी, काका यांच्यासाठी: एक मेणबत्ती आणि आपली एक सकाळ. त्यांना दफनभूमीत न्या, त्यांच्या माणसाच्या कबरीवर ती लावा. किंवा जानेवारीतल्या चारही रविवारी मी तुम्हाला मिस्साला नेईन, असे कार्डावर लिहून द्या आणि तो शब्द पाळा.

ज्या घरात या वर्षी कोणी गेले आहे त्यांच्यासाठी: गोडाचे ताट, आणि त्या व्यक्तीच्या नावाने एक मिस्सा.

कोणासाठीही: आध्यात्मिक पुष्पगुच्छ. आपल्या मागच्या पिढीला हा चांगला ठाऊक होता. कार्डावर फुले काढायची आणि लिहायचे: तुमच्यासाठी इतक्या मिस्सा, इतक्या जपमाळा, इतके छोटे त्याग. तेरेजाच्या प्रथम कम्युनियनच्या तयारीसाठी, १८८४ मध्ये, तिची बहीण पॉलीन हिने एक छोटी वही करून दिली होती. तेरेजा आपल्या प्रार्थना आणि त्याग त्यात फुलांच्या नावाने मांडत असे. हे कार्ड मात्र खरे लिहावे. न केलेल्या जपमाळा लिहिणे म्हणजे पुन्हा लंगडे कोकरूच.

आणि मोठ्या कुटुंबासाठी: नावांच्या चिठ्ठ्या. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, त्या एकाच माणसाला भेट द्यायची, आणि दोनशे रुपयांच्या वर कोणी जायचे नाही. आखातातल्या भावालाही तीच मर्यादा. देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले तर संत निकोलस यांचा अंधारही राखला जातो. हे मात्र घरातल्या मिळवत्या माणसाने पुढे होऊन सुचवावे. ज्याचा हात तंग आहे त्याच्या तोंडून ते निघणार नाही. ज्यांना देवाने भरपूर दिले आहे त्यांना माझी हीच विनंती आहे: तुमच्या भेटीने कोणी नाताळला घरी यायचे टाळत तर नाही ना, एवढे पाहा.

त्या भगिनी तिसऱ्या रविवारी पुन्हा भेटल्या. मी त्यांना पारव्यांच्या पिलांविषयी सांगितले होते. त्यांनी पर्समधून एक पाकीट काढून दाखवले. भावाच्या बाप्तिस्म्याच्या दिवसाचा फोटो, चर्चच्या पायरीवरचा. वडिलांच्या कडेवर भाऊ. आईच्या पेटीत होता, डाग पडलेला. स्टुडिओवाल्याने साफ करून प्रत काढून दिली. "ऐंशी रुपये झाले," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुढे म्हणाल्या, "जाते आहे मी."

घड्याळाशेजारी तो फोटो त्यांना पुन्हा लहान वाटेल का, मला सांगता येणार नाही. पण मंदिरात शिमोनाने मरिया आणि योसेफ यांच्याकडून काय घेतले ते आपल्याला ठाऊक आहे. त्याने हात पुढे केले ते बाळासाठी. त्यांनी आणलेल्या पाखरांची किंमत त्याने विचारल्याचे संत लूक कुठेही सांगत नाहीत.

हे प्रभू येशू, तुझ्या आईवडिलांनी गरिबांचे अर्पण नेले आणि ते पूर्ण ठरले. आम्हाला लाज न बाळगता थोडे द्यायला शिकव, आणि हिशेब न ठेवता घ्यायला शिकव. ज्या घरात कोणी रुसून किंवा लाजून यायचे राहिले असेल, त्या घराचे दार या नाताळला उघडे ठेव. आमेन.